आधी टप, मग इंजिन

जुनं मोटरहोम विकत घेणारा माणूस पहिल्यांदा इंजिन सुरू करून बघतो. आवाज ऐकतो, धूर बघतो, ऑइलची कांडी पुसून पुन्हा बुडवतो. त्यात गैर काही नाही. पण गाडी पन्नास वर्षांची असेल आणि तोंडावर उत्तर अमेरिकेतला हिवाळा असेल, तर पहिलं काम शिडी लावून टपावर चढण्याचं. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, अगदीच गेलं तर बदलता येतं. भिंती आतून कुजल्या की मात्र दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो आणि ती भंगाराच्या वाटेला लागते.

हे असं का, ते या गाड्या कशा बांधल्या गेल्या त्यावरून कळतं. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावात १९५८ मध्ये ट्रेलर बांधण्याचा कारखाना सुरू झाला. गावातले व्यापारी जॉन के. हॅन्सन यांनी तो हाती घेतला आणि १९६६ मध्ये तिथून पहिली मोटरहोम्स बाहेर पडली. हीच ती ‘विनेबेगो’. मोटारींप्रमाणे जुळणीच्या साखळीवर तयार होत असल्यामुळे ती इतरांपेक्षा बरीच स्वस्त पडे आणि मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबाच्या आवाक्यात आली. खाली डॉजच्या ट्रकची चासी, दोन्ही पुढच्या सीटांच्या मधोमध झाकणाखाली इंजिन आणि मागे शेगडी, फ्रिज, पलंग, संडास-बाथरूम असा सगळा संसार.

भिंती जाड लाकडाच्या केल्या असत्या तर गाडी ओढली नसती. म्हणून बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून प्लायवुडचं पॅनेल आणि मध्ये फोम, असे थर एकमेकांना चिकटवून भिंत तयार केली गेली. कडेला आणि खिडक्यांभोवती लाकडी पट्ट्या. ही भिंत हलकी, थंडी अडवणारी आणि झटपट बसवता येणारी होती. तिचा दोष एकच. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही.

आपल्याकडे कोकणात पावसाआधी घर शाकारतात, तसंच हे काम आहे. फरक इतकाच की कौल फुटलं तर पाणी थेट अंथरुणावर पडतं आणि त्याच रात्री कळतं. इथे ते भिंतीत उतरतं आणि पुढची काही वर्षं कोणाला पत्ताही लागत नाही.

त्यात खरेदीची वेळही अडचणीची. उन्हाळा संपला की मालकाला गाडी आणखी एक हिवाळा सांभाळायची नसते, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाव उतरतो. दरवर्षी भाड्याची गाडी घेऊन यलोस्टोन गाठणारी मराठी कुटुंबंही अशाच वेळी मोहात पडतात. म्हणजे गाडी स्वस्त मिळते ती नेमकी हातात वेळ कमी असताना. बहुतेक सीलंट कडक थंडीत नीट पसरत नाहीत की चिकटत नाहीत. मिनेसोटासारख्या राज्यात ऑक्टोबर सरता सरता रात्रीचा पारा शून्याखाली जायला लागतो. त्यामुळे पडदे, गाद्या आणि रंग मे महिन्यावर ढकलावेत. आधी पाणी.

डाग एकीकडे, भोक दुसरीकडे

टपावर हवा-झरोके, एसी, संडासाच्या टाकीची हवा जाणारी नळी, अँटेना अशी अनेक भोकं मुद्दाम पाडलेली असतात. त्याशिवाय टप आणि भिंत जिथे भेटतात तिथे ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते. कपाळावर आणि मागे वरच्या बाजूला छोटे दिवे असतात. पाणी शिरतं ते यातल्याच कुठूनतरी. पण पुढच्या दिव्यातून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून घरंगळत पार खिडकीखाली किंवा पलंगाच्या पेटीत उमटतं. डागाजवळ सील लावून उपयोग होत नाही.

शोधण्याची साधनं साधी आहेत. दोन टोकं लाकडात टोचून ओल मोजणारं मीटर फार महाग नसतं. कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि कपाटांच्या मागच्या बाजू एकेक करून तपासाव्यात. १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर चिंता नको. २० च्या वर गेला की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पोषक हवा मिळाली असं समजावं.

दुसरी युक्ती त्याहून मजेशीर. सगळ्या खिडक्या-दारं बंद करायची, टपाच्या एका झरोक्यात पंखा असा बसवायचा की तो बाहेरची हवा आत ढकलेल, आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारायचं. गॅसवर आणि उघड्या ज्योतीवर चालणारी सगळी उपकरणं त्याआधी बंद. जिथून हवा बाहेर येते तिथे बुडबुडे येतात. जिथून हवा बाहेर येऊ शकते, तिथून पाणी आत जाऊ शकतं.

मिनीॲपोलिसजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावानं १९७६ ची विनेबेगो घेतली, तेव्हा हे काम बघायला मिळालं. आतून गाडी झकास दिसत होती. एका कोपऱ्यात तर पॅनेलला नुकताच पांढरा रंग दिलेला. वहिनींनी पलंगाखालच्या पेटीतलं सामान बाहेर काढलं, त्या कोपऱ्याच्या तळाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि हलकेच दाबला. जोर लावावाच लागला नाही. दांडा मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो काळपट, ओला भुसा घेऊन.

“भाऊजी, जिथे रंग नवा असतो ना, तिथेच आधी टोचायचं,” त्या म्हणाल्या.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्यानं हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. वास, मऊ लागणारी जमीन, फुगीर पत्रा, गंजलेले स्क्रू आणि एकाच ठिकाणचा ताजा रंग ही सगळी एकाच रोगाची लक्षणं.

सिलिकॉनचा मोह नको

गळती सापडली की हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणून वरून फासणं हा सर्रास चालणारा उपाय आहे. जुन्या गाड्यांच्या टपावर असे थरावर थर सापडतात. सिलिकॉन सुटायला लागलं की त्याच्या अवशेषांवर दुसरं काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनही नाही. मग ते खरवडून काढण्यातच दिवस जातात.

खरी दुरुस्ती म्हणजे सांधा उघडणं. खिडकीचंच उदाहरण घ्या. चौकटीचे स्क्रू काढून खिडकी बाहेर घ्यायची. चौकटीखाली कारखान्यात लावलेली पुट्टीची पट्टी असते. तिच्यातलं तेल पन्नास वर्षांत उडून गेलेलं असतं आणि ती बोटानं दाबली तरी तुकडे पडतात. ती प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायची, मिनरल स्पिरिटनं पत्रा आणि चौकट पुसून काढायची. मग ब्यूटिल टेप. ही काळी किंवा करडी, चिकट, रबरी पट्टी सुकून कडक होत नाही, म्हणून गाडी रस्त्यावर हादरली तरी सांधा सोडत नाही. चौकटीभोवती ती सलग लावायची, जोड वरच्या बाजूला येऊ द्यायचा नाही. खिडकी बसवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं. टेप दबून बाहेर येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं आवळायचं आणि मगच बाहेर आलेली टेप कापायची. गंजलेल्या स्क्रूंच्या जागी स्टेनलेस स्टीलचे घालावेत.

टपावरच्या झरोक्यांनाही खालून ब्यूटिल आणि वरून स्क्रूंच्या डोक्यांवर आपोआप सपाट पसरणारा लॅप सीलंट. डब्यावर कोणत्या पृष्ठभागाला आणि किती तापमानाला तो चालतो ते लिहिलेलं असतं, ते वाचावं. ॲल्युमिनियम आणि रबरी टप यांना एकच औषध चालेल असं नाही.

क्रम चुकवू नये. आधी तात्पुरती ताडपत्री टाकून पाऊस थांबवायचा, मग पॅनेल उघडून भिंत वाळवायची, मग कुजलेली पट्टी काढून नवं लाकूड बसवायचं आणि शेवटी कायमचं सील. भिंत ओली असतानाच बाहेरून बंद केली तर बुरशी आतच कोंडली जाते आणि काम जोमानं चालू ठेवते. हिवाळ्याआधी आतलं लाकूड बदलून होणार नसेल, तर पॅनेल उघडंच ठेवून द्यावं. वसंतात त्याचं बघता येईल.

नळातलं पाणी

पावसाची वाट बंद झाली, आता गाडीतल्या पाण्याकडे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि त्यापुढे तांब्याचा नळ काय, पंपाचं प्लॅस्टिक काय, काहीच टिकत नाही. फुटलेलं कळतं मात्र एप्रिलमध्ये, नळ सोडल्यावर.

म्हणून ताज्या पाण्याची टाकी, सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या आणि गीझर पूर्ण रिकामे करायचे. गीझर साधारण २३ लिटरचा असतो. तो बाजूला टाकणारी बायपास नळी बसवली की तेवढं औषध वाचतं. औषध म्हणजे गुलाबी रंगाचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ. इंजिनातलं इथिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ विषारी असतं. ते पिण्याच्या पाण्याच्या नळात चुकूनही जाता कामा नये. पंपाची नळी गुलाबी बाटलीत बुडवायची आणि प्रत्येक तोटी, आधी गरम मग गार, गुलाबी धार येईपर्यंत सोडायची. शॉवर आणि संडासाचा फ्लश विसरायचे नाहीत. प्रत्येक बेसिनखालच्या वाकड्या नळीत एकेक कप ओतायचा.

बाटलीवर उणे ५० लिहिलेलं असतं. तो आकडा फॅरनहाइटमधला आहे, म्हणजे सेल्सिअसमध्ये सुमारे उणे ४६. शिवाय तो गोठण्याचा नसून नळ फुटण्याचा आहे. द्रव त्याच्या कितीतरी आधी घट्ट होतो, म्हणून टाकीत उरलेल्या पाण्यात मिसळून तो पातळ करू नये.

आता इंजिन

इंजिनाचं काम त्यामानानं सरळ आहे. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातून आणलेल्या गाडीला गंज कमी असतो, पण तिथे उकाड्यात कूलंट कमी झालं म्हणून साधं पाणी भरत गेलेले असू शकतात. ते उत्तरेत गोठलं तर इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा जातो. निम्मं अँटीफ्रीझ आणि निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत तग धरतं. ते आहे की नाही, हे छोट्या हायड्रोमीटरनं मिनिटभरात कळतं.

आजच्या अमेरिकी पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. १९७० च्या दशकातले रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. इंजिन केबिनच्या आत असल्यामुळे पेट्रोल पाझरणं म्हणजे आगीला आमंत्रण. पाइप सगळे बदलावेत, टाकीत स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडा वेळ चालवावं.

टायरची नक्षी पाहून फसू नये. बाजूवरच्या ‘डॉट’ कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला. तो कितीही नवा दिसला तरी काढून टाकावा. बॅटरी पूर्ण चार्ज करून घरात आणावी. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे सात-आठलाच गोठून फुटू शकते.

गाडी उभी करताना तोंडाची बाजू किंचित वर ठेवावी, म्हणजे टपावर पाणी साचत नाही. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधून महिनोन् महिने ठेवू नये, खाली दव कोंडतं. हवा खेळणारं कापडी आच्छादन घ्यावं. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदीर आत येतो, तेव्हा नळांभोवतीच्या फटींत स्टीलचा काथ्या ठासावा. फ्रिज पुसून त्याचं दार उघडं ठेवावं.

थंडीत राहणार असाल तर

काही जणांना गाडी उभी करून ठेवायची नसते, त्यांना तिच्यातच हिवाळा काढायचा असतो. त्यांच्यासाठी तिसरं पाणी आतच तयार होतं, श्वासातून आणि शेगडीतून. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त वाफ निघते. ती थंड पत्र्यावर आणि काचेवर जमते आणि बाहेरून बंद केलेली भिंत आतून ओली होते. म्हणून टपाचा एक झरोका बोटभर उघडा ठेवणं उबेच्या दृष्टीनं तोट्याचं वाटलं तरी गाडीच्या दृष्टीनं फायद्याचं.

गॅसही जपून निवडावा. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्यूटेनची वाफ शून्याच्या आसपासच होईनाशी होते, प्रोपेनची मात्र उणे ४२ पर्यंत होत राहते. म्हणून तिकडे थंडीत प्रोपेनच वापरतात. जुन्या गाडीतला रेग्युलेटर आणि रबरी नळ्या न बघता बदलाव्यात, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गळती तपासावी आणि गाडी गरम करणाऱ्या भट्टीचा धूर बाहेरच जातो ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावं. ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवून झोपण्यानं दरवर्षी जीव जातात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याच्या अलार्मवर मुदत छापलेली असते आणि जुन्या मालकानं भिंतीवर ठेवलेल्या अलार्मची ती बहुधा उलटून गेलेली असते. मूळ पडदे ठेवा, मूळ घड्याळ ठेवा, हौसेनं मूळ गालिचाही ठेवा. अलार्म मात्र पहिल्या रात्रीआधी नवा आणा.