कारापूरच्या तिस्कावरचे ऑलिंपिक

चोर्ल्याचा घाट उतरून साखळीवरून डिचोलीकडे निघाले की वाटेत कारापूर लागते. घाटावरच्या वाचकांना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. फार तर चैत्रात विठ्ठलापूरच्या विठ्ठलाच्या उत्सवाला कधी कोणी आले असेल, तर वाळवंटी नदीच्या काठचे ते देऊळ त्यांच्या स्मरणात राहिले असेल. गावाचा तिठा आहे त्याला आम्ही तिस्क म्हणतो. कोल्हापूरकरांना पापाची तिकटी म्हटले की जे समजते, तेच आम्हांला तिस्क म्हटले की समजते. तिथल्या हॉटेलात सकाळी भाजी-पाव आणि चहा घेत जगातल्या सर्व प्रश्नांचा निकाल लागतो. दर चार वर्षांनी त्यात ऑलिंपिकचीही भर पडते. भारताला किती पदके, कोणाचे नशीब फुटले, कोणाला पंचांनी बुडवले, हे सारे ठरते. आणि शेवटी कोणीतरी उसासा टाकून म्हणतो, ‘आमचा फुटबॉल असता तर!’

हा उसासा मी पन्नास वर्षे ऐकत आलो आहे. पुष्कळ वेळा तो मीच टाकला आहे. तो किती जुना आणि किती दूरवर पसरलेला आहे, हे मला एका फिलिपिनो खलाशामुळे कळले. त्याला मी पाहिलेले नाही.

आमच्या वाड्यावरचा एक तरुण मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. जहाज म्हटले की फिलिपिनो आले. दर्यावर गोमंतकीयांचे सख्खे शेजारी तेच. २०२१ च्या जुलैत, कोविडमुळे महिनोन् महिने घर न पाहिलेली ही मंडळी टोकियोच्या बातम्या मोबाइलवर पाहत होती. या तरुणाचा फिलिपिनो सोबती बास्केटबॉलचा वेडा. डेकवर कुठेतरी लोखंडी कडे ठोकून त्यात चेंडू टाकीत बसायचा. २६ जुलैला हिडिलिन डियाझ या त्यांच्या मुलीने ५५ किलो गटात एकंदर २२४ किलो वजन उचलून सुवर्णपदक जिंकले, तेव्हा हा गडी जेवणाच्या टेबलावर डोके ठेवून रडला. १९२४ पासून ऑलिंपिकला माणसे पाठवणाऱ्या त्यांच्या देशाचे ते पहिले सुवर्ण. चीनच्या स्पर्धकापेक्षा तिने उचलले ते फक्त एक किलो जास्त. डोळे पुसून झाल्यावर त्याने कबूल केले, की ही मुलगी कोणत्या वजनगटात खेळते, हे त्याला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हते.

पुढच्या खेपेला काय, असे आमच्या पोराने विचारले. त्यावर तो म्हणाला, की आमचे लोक बास्केटबॉलचीच स्वप्ने पाहतील, पण पदक आणील तो जिम्नॅस्टिक्सवाला बुटका पोरगा, कार्लोस युलो. तो जपानात जाऊन शिकतो आहे आणि आमच्या गल्लीत त्याचे नाव कोणी घेत नाही. टोकियोत युलो व्हॉल्टमध्ये अगदी थोडक्याने चौथा आला. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने लागोपाठ दोन दिवसांत दोन सुवर्णपदके घेतली.

तरुण रजेवर आला तेव्हा त्याने हे तिस्कावर सांगितले, आणि मी घरी येऊन फिलिपाईन्सची हकीकत धुंडाळत बसलो. लोकसंख्येने तो देश जवळजवळ महाराष्ट्राएवढा. बास्केटबॉल तिथे गल्लीबोळात, नारळाच्या बुंध्याला कडे ठोकून खेळतात. १९३६ साली बर्लिनला त्यांचा संघ पाचवा आला होता. आशियातल्या एका देशाचा तो पराक्रम लहान नव्हता. पुढे १९७२ च्या म्युनिकनंतर त्यांचा पुरुषांचा संघ ऑलिंपिकला पोहोचलाच नाही. म्हणून लोकांचे प्रेम तसूभरही घटले नाही. पण पदके आणली ती पोहणाऱ्यांनी, मुष्टियोद्ध्यांनी, वजन उचलणाऱ्या मुलीने आणि त्या बुटक्या युलोने.

आता या आरशात आमचे तोंड पाहावे. मेलबर्नला १९५६ साली भारताचा फुटबॉल संघ चौथा आला. ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवताना गोमंतकीय नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असे तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. १९६० च्या रोमच्या संघात कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको होता. दोघेही खेळत ते मुंबईहून, कारण गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, मैदाने आली, क्लब आले, खाणवाल्यांचे पैसे फुटबॉलात आले, गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली. आणि रोमनंतर भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकला गेलाच नाही! ब्रह्मानंद शंखवाळकरसारखा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला, पुढे अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्रीही त्याला मिळाली. पण ऑलिंपिकचे मैदान त्याला दिसले नाही. ब्रुनो कुतिन्होलाही नाही. या माणसांच्या अंगी काय कमी होते? ज्या वाटेने ते निघाले, ती वाट पुढे बंद होती.

उलट ज्या गोमंतकीय नावांना पदक चिकटले, ती पाहा. १९४८ च्या लंडनच्या सुवर्णविजेत्या हॉकी संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ. १९७२ च्या कांस्यविजेत्या हॉकी संघात वेस पेस, जन्माने गोव्याचे. त्यांचा मुलगा लिअँडर १९९६ ला अटलांटाहून टेनिसचे कांस्य घेऊन आला. म्हणजे मुंबईचे हॉकी आणि कोलकात्याचे टेनिस. फुटबॉलच्या नावाने भुईनळे लावणारे आम्ही या मंडळींना वर्षातून एकदाही आठवत नाही. लिअँडर अपवाद, आणि तोही दूरदर्शनवर दिसायचा म्हणून.

तिस्कावर मी हे बोललो तेव्हा एकजण चिडला. फुटबॉल सोडायचा की काय? सोडा कोण म्हणतो! भाताची कापणी झाल्यावर मळ्यात दोन काठ्या रोवून पोरे खेळतात, ते पाहायला मला अजून चष्मा पुसून उभे राहावेसे वाटते. पण हिशेब तो हिशेब. १९९२ पासून ऑलिंपिकचा पुरुष फुटबॉल तेवीस वर्षांखालील मुलांचा झाला आहे, त्यात मोठे खेळाडू तीनच. पॅरिसला सोळा संघ होते. २०२८ ला लॉस एंजेलिसला पुरुषांचे बाराच असणार. साऱ्या जगातून बारा! मुलींचे मात्र सोळा होतील. आशा करायची तर तिकडे करावी, असे माझे मत. ते मांडल्यावर हॉटेलात जी शांतता पसरली, तिचे वर्णन न केलेले बरे.

कोल्हापूरच्या वाचकांनी आम्हांला हसू नये, कारण त्यांच्या घरीही हेच आहे. आमच्या कारापूरहून चोर्ल्याच्या घाटाने बेळगाव आणि तिथून कोल्हापूर, या एका रस्त्यावर ऑलिंपिकचा केवढा तरी इतिहास सांडलेला आहे. बेळगावचा फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पला मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले, १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. प्राचार्य खर्डेकरांनी त्या प्रवासासाठी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केल्याची हकीकत कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. त्यानंतर खासबाग भरत राहिली, तालमी घुमत राहिल्या, गदा खांद्यांवर मिरवल्या. पण महाराष्ट्राचे दुसरे वैयक्तिक पदक यायला ७२ वर्षे लागली, आणि ते कुस्तीचे नव्हते. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणाऱ्या एका शांत मुलाने, रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून ते आणले. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या होत्या, राही सरनोबत ऑलिंपिकला जाऊन आल्या होत्या. त्यांच्या सरावाला किती प्रेक्षक असत? तांबड्या मातीवर माझाही जीव आहे. पण ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर, घड्याळावर आणि किलोग्रॅमच्या काट्यावर चालते, आणि तिथली पदके आता हरियाणाच्या वाटेला जातात.

मग भारताचे २०२८ चे भवितव्य काय? रसिकाच्या नात्याने माझा अंदाज मांडतो. चुकला तर तिस्कावर माझी चहाची पाळी. १९०० पासून पॅरिसपर्यंत भारताची पदके ४१. त्यांत सुवर्णे दहा, आणि दहांतली आठ हॉकीची. उरलेली दोन अभिनव बिंद्रा आणि नीरज चोप्रा यांची. टोकियोत सात पदके झाली, पॅरिसला सहा. पण पॅरिसचा खरा आकडा निराळाच आहे. तिथे आपण सहा वेळा चौथे आलो. मीराबाई चानूने १९९ किलो उचलले. कांस्य गेले २०० किलोला. डियाझला जो एक किलो लाभला, तोच मीराबाईला तीन वर्षांनी नडला. विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या सकाळी शंभर ग्रॅमने बाद झाली. शंभर ग्रॅम म्हणजे आमच्याकडे दोन पाव. तेव्हा लॉस एंजेलिसला आकडा दहापर्यंत जाईल की पाचावर येईल, हे या किलो-ग्रॅमांवर ठरणार आहे. नेमबाजी, भालाफेक, हॉकी, कुस्ती यांवर माझा भरवसा अधिक. क्रिकेट येणार आहे, मुलांचेही नि मुलींचेही, संघ सहा-सहाच. तिथे पदक मिळाले तर सारा देश नाचेल, आणि त्याच आठवड्यात कोणी अनोळखी मुलगी कांस्य मिळवील ती बातमी आतल्या पानावर जाईल. २०३६ ची यजमानी आपल्याला हवी आहे म्हणतात. मैदाने बांधता येतात, हे आम्ही गोव्यात २०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी पाहिले. वर्षानुवर्षे लांबत गेलेल्या त्या स्पर्धा अखेर थाटात झाल्या. गोव्याला तेव्हा पदके देणाऱ्या खेळांत मॉडर्न पेंटॅथलॉन होता. पळणे, पोहणे, नेम धरणे असे बरेच काही एकत्र असलेला हा खेळ काय आहे, हे समजावून घ्यायला तिस्कावर दोन दिवस लागले.

इथवर दुसऱ्यांचे बोललो. आता माझ्या हातून झालेले सांगतो.

माझा एक भाचा लहानपणी आमच्याकडेच वाढला. पावसाळ्यात वाळवंटी फुगली की मोठी माणसे काठावरून पाहत. हा सुर मारून पलीकडे जाई आणि धारेविरुद्ध पोहत परत येई. शाळेतल्या एका मास्तरांनी सुचवले, की पोराला पणजीला नेऊन तलावावर शिकवा, अंगात काहीतरी आहे. मी हसलो. पोहायचे ते काय शिकायचे? नदीकाठची म्हैसदेखील पोहते, असे मी म्हटल्याचे मला आठवते. त्याला मी बूट आणून दिले आणि फुटबॉलला घातले, कारण रविवारी मैदानावर चार लोकांत उभे राहून ‘हा माझा भाचा’ म्हणता येत होते. फुटबॉलात तो बेताचाच निघाला. पुढे खनिजाच्या ट्रकवर लागला, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसला, आता दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. तो ऑलिंपिकला गेला असता असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण तो कितीसा होता, हे कोणी मोजलेच नाही, आणि मोजू दिले नाही ते मी.

फिलिपाईन्सची हकीकत चाळताना तेओफिलो इल्देफोन्सो हे नाव सापडले, तेव्हा हे सारे वर आले. खेड्यातल्या नदीत पोहायला शिकलेला हा माणूस पुढे सैनिक झाला. १९२८ आणि १९३२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे कांस्यपदक त्याने घेतले; त्याच्या देशाचे पहिले पदक तेच. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावणीत तो मेला. त्याला कोणी म्हशीची उपमा दिली असेल की नाही, देव जाणे. आणि इतके लांब तरी कशाला जायचे? कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ ला बीजिंगला पोहला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्या वर्षी माझा भाचा ट्रकवर होता.

त्याची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. आठवड्यातून तीन दिवस पहाटे तो तिला टॅक्सीत घालून पणजीला कांपालच्या तलावावर नेतो. गाडीत जागा असली तर मीही जातो. तिथे बसून पाहण्यासारखे काही नसते, हे प्रामाणिकपणे सांगतो. पाण्यात टोप्या जातात-येतात, कोणती आपली ते कळत नाही, आणि क्लोरीनने डोळे चुरचुरतात. गोल नाही, आरोळी नाही. शेवटी शिकवणारी बाई एका वहीत आकडा लिहिते आणि पोरगी तो येऊन मला सांगते.

मागच्या आठवड्यात पन्नास मीटरची तिची वेळ तीन दशांश सेकंदांनी कमी झाली. मी ते तिस्कावर सांगितले. चहावाल्याने भांडे खाली ठेवून विचारले, ‘म्हणजे किती?’ मी चुटकी वाजवून दाखवली. तो म्हणाला, ‘ही जास्त झाली.’ मी परत वाजवली. तोवर मळ्यात रविवारचा सामना सुरू झाला होता आणि हॉटेल रिकामे होऊ लागले होते. आम्ही दोघे मात्र तीन दशांश सेकंद म्हणजे नक्की किती, यावर आणखी एक कप चहा होईपर्यंत वाद घालत बसलो.