इर्जिक, सावड आणि रेड : हौशी गटाचं तत्त्वज्ञान

आपल्या हिमायतनगरात ‘रेड’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणाकडं पडली? म्हणून आधीच सांगून ठेवतो. आज आपण ज्या रेडबद्दल बोलणार आहोत तिच्यात पोलीस नाहीत आणि आयकर खातंही नाही. ही ऑनलाइन खेळातली चढाई आहे. आमचा प्रश्न मात्र जुनाच आहे. पाच-पंचवीस माणसं केवळ हौसेखातर एकत्र येऊन एखादं अवघड काम अंगावर घेतात, तेव्हा ती एकमेकांचं काय देणं लागतात?

आधी खेळ समजून घेऊ. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा या प्रकारातला गाजलेला खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यात प्रत्येक जण एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि ते पात्र वर्षानुवर्षं वाढवत नेतो. या जगातले काही शत्रू इतके बलाढ्य असतात की ते एकट्यादुकट्याला आवरत नाहीत. त्यांना ‘बॉस’ म्हणतात. गट करून त्यांच्यावर चालून जाणं म्हणजे रेड. गटात कामं तीन प्रकारची. ‘टँक’ बॉसला स्वतःकडं खेचून त्याचा मार अंगावर घेतो. ‘हीलर’ जखमा भरत राहतो. उरलेले सगळे घाव घालतात. बॉस मध्येच पायाखाली आग पेटवतो, की ज्याला जिथं पळायचं तिथं त्यानं वेळेत पळायचं. एक जण चुकला तर कधी कधी सगळेच गारद होतात. याला म्हणतात ‘वाइप’. मग उठायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आपल्याकडच्या पोरांना मोबाईलवरचे खेळ जास्त ओळखीचे. ‘पबजी मोबाईल’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये तिच्या जागी ‘बीजीएमआय’ आला. त्यातला चौघांचा ‘स्क्वाड’ तुम्हाला माहीत असेल. पण रेडमध्ये एक मोठा फरक आहे. स्क्वाडसमोर दुसरी माणसं असतात. रेडमध्ये समोर संगणकानं चालवलेला राक्षस असतो. त्याला राग नाही, लोभ नाही, तो फसवत नाही. त्यामुळं भांडण, रुसवा, न्याय-अन्याय जे काही व्हायचं ते आपल्याच गटात होतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठं मिळणार?

आता ‘हौशी’ म्हणजे कोण, ते पाहू. नवी रेड खुली झाली की जगात पहिला नंबर लावण्यासाठी काही गट दिवस दिवस खेळतात. त्यांची गोष्ट वेगळी. हौशी गट आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी दोन-तीन तास भेटतो. कुणाचं मूल रडतं, कुणाची ड्युटी बदलते, कुणाची लाईट जाते. ज्या बॉसला पट्टीचे खेळाडू एका संध्याकाळी पाडतात, तिथं हे लोक चार-चार आठवडे डोकं आपटतात. मग बाहेरचा माणूस विचारतो, इतकं हरायचंच असेल तर खेळता कशाला?

उत्तरासाठी आपण दोन तत्त्वज्ञांकडं जाऊ. बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा सारांश असा की नसलेल्या अडचणी स्वखुशीनं ओढवून घ्यायच्या आणि त्या पार करायची खटपट करायची, म्हणजे खेळ. सी. थी न्गुयेन यांनी २०२० च्या ‘गेम्स : एजन्सी अॅज आर्ट’ या पुस्तकात त्याच्या पुढचा भेद मांडला. खेळातलं उद्दिष्ट वेगळं आणि खेळण्याचं प्रयोजन वेगळं. हौशी रेडचं उद्दिष्ट बॉस पाडणं हे आहे. प्रयोजन आहे, या माणसांसोबत संध्याकाळ घालवणं.

इथं एक गंमत आहे. प्रयोजन संगतीचं आहे म्हणून उद्दिष्ट ढिलं सोडलं, ‘बॉस पडला काय, न पडला काय’ असं सगळेच म्हणू लागले, तर दोन आठवड्यांत गट मोडतो. संगत हवी असेल तर बॉस मनापासून पाडायला लागतो. आणि उलट, बॉसच सर्वस्व झाला, चुकणाऱ्यावर खेकसणं सुरू झालं, तर संगत जाते आणि पाठोपाठ बॉसही जातो. दोन्ही दोऱ्या हातात ठेवायच्या, हीच हौशी गटाची खरी कसोटी.

आपल्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. गावात ‘इर्जिक’ असायची. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं की गावातले लोक आपापले बैल-औतं घेऊन एका दिवशी त्याच्या शेतात उतरायचे. मजुरी नाही, ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. आता सांगा, लोक जेवणासाठी यायचे की नांगरटीसाठी? दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. पण एक पक्कं. रान नांगरून झाल्याशिवाय त्या जेवणाला चव नव्हती.

इर्जिकेच्या शेजारीच ‘सावड’ होती. तुझा एक बैल, माझा एक बैल, दोन दिवस तुझ्या रानात, दोन दिवस माझ्या. सावडीत हिशेब चोख. रेडच्या जगातही हे दोन मार्ग दिसतात. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातल्या गटांपासून ‘डीकेपी’ नावाची पद्धत आली. हजेरी लावली की गुण जमा, बॉसकडून मिळालेली तलवार किंवा चिलखत घेतलं की गुण वजा. ही झाली सावड. पुष्कळ हौशी गट मात्र वही ठेवत नाहीत. तलवार निघाली की ज्यांना उपयोग आहे ते एक ते शंभरमधला आकडा टाकतात, ज्याचा मोठा त्याची तलवार. ही इर्जिक. सावड न्यायाला धरून आहे, पण ज्याला रोज येणं जमत नाही तो तिच्यात कायम मागं राहतो. इर्जिकेत त्याला जागा आहे. मात्र तिथं गट एकमेकांच्या भिडेवर चालतो, आणि भीड मोडली की काहीच उरत नाही.

आता अवघड प्रश्न घेऊ. जो कच्चा आहे त्याचं काय करायचं? याचं उत्तर नुसतं स्वभावावर नसतं, नियमांवरही असतं. वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या मोठ्या रेड ४० जणांच्या होत्या. पुढं सर्वांत कठीण पातळीसाठी नेमके २० जण ठरले. जागा मोजक्या असल्या की कच्च्या माणसाला घेणं म्हणजे दुसऱ्या कुणाला बाहेर ठेवणं. मग दयासुद्धा अन्याय वाटू लागते. २०१३ मध्ये या खेळात लवचीक रेड आली आणि पुढच्या वर्षीपासून मधल्या पातळ्यांवर १० ते ३० कितीही जण चालू लागले. माणसं वाढली की बॉसची ताकदही त्या मानानं वाढते. कच्च्या माणसाचा थोडा भार पडतोच, पण तो कुणाची जागा खात नाही. नियम एवढाच बदलला आणि ‘अकरावा आला, आता काय करायचं’ हा पेच सुटला. माणसं चांगली वागावीत असं वाटत असेल तर उपदेशाबरोबर बसण्याची जागाही वाढवावी लागते.

सोय मात्र एका मर्यादेपलीकडं गेली की वेगळंच घडतं. २०११ मध्ये ‘रेड फाइंडर’ आला. बटण दाबलं की यंत्र २५ अनोळखी माणसं जमवून देतं. ज्यांना ठरावीक वेळ जमत नाही त्यांना दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण ही माणसं पुन्हा भेटणार नसतात. कुणी चुकला की शिकवायला कुणी थांबत नाही, मतदान घेऊन त्याला बाहेर काढता येतं. रेड तीच, बॉस तोच, पण उद्याची भेट गेली आणि तिच्यासोबत आजची सबुरीही गेली. एकमेकांचं देणं हे एका संध्याकाळीत तयार होत नाही. त्याला पुढची संध्याकाळ लागते.

‘पण ही नाती खरी कुठं असतात?’ असं कुणी म्हणेल. नॉर्वेचा मॅट्स स्टीन हा तरुण स्नायूंच्या दुर्धर आजारानं २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटायचं, पोरगं एकटं पडलं. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी दिली आणि वॉरक्राफ्टमधल्या मित्रमैत्रिणींचे संदेश येऊ लागले. त्याच्या खेळगटातले काही जण अंत्यविधीलाही आले. त्याच्यावर २०२४ मध्ये माहितीपट प्रसिद्ध झाला. जे आले ते तलवारीसाठी आले नव्हते.

तेव्हा देणं काय, ते थोडक्यात सांगतो. हौशी गटात कौशल्याचं कर्ज नसतं, शब्दाचं असतं. येतो म्हटलं तर यायचं, येणार नसलो तर आधी कळवायचं, चुकलो तर शिकायची तयारी ठेवायची, दुसरा चुकला तर त्याला पुढची संधी द्यायची. आणि आईवडिलांना एक विनंती. पोरगं रेडमध्ये असताना एकदम ‘बंद कर’ म्हणू नका. सुरू व्हायच्या आधी विचारा, किती वाजता संपणार? मग त्या वेळेला त्याला घट्ट धरा. गटाला दिलेला शब्द पाळायला शिकलेलं पोरगं घराला दिलेला शब्दही पाळू शकतं. मात्र दोन्ही शब्द त्यानं स्वतः दिलेले असावे लागतात. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.