अग्निबाणवाली पोरे आणि त्यांच्या बाई

दिवाळीत पहाटे आम्हा वाड्यातल्या पोरांचा एक ठरलेला उद्योग असे. रात्री न उडालेले फटाके अंगणातून आणि गटाराच्या कडेने वेचून आणावयाचे, त्यांची पोटे फोडून आतली दारू वर्तमानपत्रावर काढावयाची, आणि वडीलमंडळी चहात गुंतली आहेत असे पाहून तिला काडी लावावयाची. भस्सकन जाळ उठे, कुणाच्या तरी भुवया होरपळत आणि सगळ्यांच्याच पाठीत धपाटे बसत. या उद्योगाला 'प्रकल्प' म्हणतात हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. धपाटे घालणाऱ्यांनाही नव्हते.

हे आठवले ते एका पुस्तकामुळे. आमच्या महाविद्यालयातील फिजिक्सचे एक मित्र, परीक्षेच्या सुपरव्हिजनला बसण्यापूर्वी, ते माझ्या हाती ठेवून म्हणाले, "तुम्ही मराठीवाले कवितेपलीकडे काही वाचत नाही. हे वाचा." पुस्तकाचे नाव 'रॉकेट बॉईज', लेखक होमर हिकम, प्रकाशन १९९८ चे. दोन रात्रींत वाचून संपविले, आणि तिसऱ्या रात्री झोप आली नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मॅकडोवेल नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तेथे कोलवुड हे खाणकामगारांचे गाव. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, आणि पोरगा मोठा झाला की खाणीत उतरणार हेही जणू कंपनीनेच ठरविलेले. होमरचे वडील त्या खाणीचे सुपरिंटेंडेंट. थोरला भाऊ फुटबॉलपटू, म्हणजे त्या मुलखात देवच. आपला होमर मात्र चष्मेवाला आणि गणितात यथातथाच. डोंगर ओलांडून बसने जी शाळा गाठावयाची ती बिग क्रीक हायस्कूल, आणि ती ज्या गावात होती त्याचे नाव चक्क 'वॉर'! युद्ध नावाच्या गावी शिकावयास जाणारी मुले मी तरी दुसरी ऐकली नाहीत.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. ८३ किलो वजनाचा तो गोळा बीप बीप करीत पृथ्वीभोवती फिरू लागला आणि साऱ्या अमेरिकेची झोप उडाली. इकडे कोलवुडच्या आकाशातून तो जाताना पाहून चौदा वर्षांच्या होमरने ठरविले की आपणही अग्निबाण करावयाचा. पहिला अग्निबाण म्हणजे बॅटरीची नळी आणि तीत भरलेली फटाक्यांची दारू! आमच्याच अंगणातला प्रयोग म्हणा ना. परिणामही तोच: आईच्या गुलाबाच्या बागेचे कुंपण उडाले. फरक इतकाच की त्या माउलीने धपाटा घातला नाही. 'स्वतःला मात्र उडवून घेऊ नकोस,' एवढेच बजावले. पुढे पाचसहा मित्र जमले आणि गावाबाहेर खाणीतल्या टाकाऊ मालाच्या उजाड पठारावर त्यांचे 'केप कोलवुड' उभे राहिले. अग्निबाणांना नाव दिले 'ऑक'. ऑक हा पक्षी उडू न शकणारा! पोरांना विनोदबुद्धी होती खास.

आता या कथेतील बाई. फ्रीडा रायली. केमिस्ट्री आणि फिजिक्स शिकवीत. चित्रपटात (१९९९ सालचा 'ऑक्टोबर स्काय', 'रॉकेट बॉईज' याच इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून हे नाव साधले आहे) त्या चांगल्या पोक्त दिसतात. प्रत्यक्षात त्यांचा जन्म १९३७ चा आणि होमरचा १९४३ चा. म्हणजे विद्यार्थ्याहून पाचसहा वर्षांनीच थोरल्या, कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या. अशा वयात नोकरी टिकविण्याची धडपड असते. हेडमास्तरांच्या कपाळावर आठी पडेल असे काही करू नये, ही आपली सर्वांची पहिली प्रतिज्ञा. आणि येथे तर पोरे स्फोटके करीत होती. एकदा जंगलात वणवा लागला तेव्हा पोलीस याच पोरांचे नाव घेत थेट शाळेत आले. वणव्याचे कारण ठरलेली ती नळी विमानातून सोडावयाच्या दिव्याची निघाली म्हणून बरे!

या बाईंनी होमरच्या हाती मार्गदर्शित क्षेपणास्त्रांच्या रचनेवरचा एक जाडजूड ग्रंथ ठेवला. गणित इतके अवघड की कॅल्क्युलसावाचून पानही उलटू नये. मग गणितात यथातथा असलेला हा मुलगा कॅल्क्युलस शिकला, कारण त्याला नळकांड्याच्या तोंडाशी बसवावयाच्या नॉझलचा आकार हवा होता. अग्निबाण किती उंच गेला हे काढावयाचे म्हणून त्रिकोणमिती आली. सोरा आणि साखर, मग जस्त आणि गंधक, असे करीत केमिस्ट्री आली. खाणीच्या वर्कशॉपमधले कारागीर त्यांना नॉझल कातून देत. या कारागिरांना कुठल्याही शाळेच्या मस्टरवर जागा नव्हती. पण मला विचाराल तर तेही मास्तरच.

'प्रकल्प पद्धती' ही काही रायलीबाईंची कल्पना नव्हे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील किलपॅट्रिक यांनी १९१८ सालीच त्या नावाचा निबंध लिहिला होता, आणि त्यामागे जॉन ड्यूई यांचा विचार होता. तेच ड्यूई, ज्यांच्यापाशी आपले बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात शिकले. म्हणजे हा विचार आपल्या ओळखीचा नाही असे म्हणावयास आपल्याला तोंड नाही. आज आमच्या गल्लीतील स्टेशनरीच्या दुकानात ज्वालामुखीचा प्रकल्प तयार मिळतो. आई तो विकत आणते, वडील डिंक लावतात आणि मुलगा त्यावर आपले नाव लिहितो!

स्पुटनिकच्या धक्क्याने अमेरिकन सरकारने १९५८ साली शिक्षणाचा एक मोठा कायदा केला. विद्यार्थ्यांना त्यातून कर्ज मिळे, आणि पुढे जो सरकारी शाळेत मास्तर होईल त्याचे निम्म्यापर्यंत कर्ज माफ होई. मास्तरकीकडे माणसे वळविण्यासाठी असे आमिष दाखवावे लागावे, यातच तेथील मास्तरांचे दिवस कसे होते ते आले. शिवाय कर्ज घेणाऱ्याने देशाशी एकनिष्ठ असल्याची शपथ घ्यावयाची आणि सरकार उलथविणाऱ्या संघटनांशी आपला संबंध नाही असे लिहून द्यावयाचे! यावर अनेक विद्यापीठे चिडली. ते लिहून देण्याचे कलम १९६२ मध्ये निघाले.

१९६० च्या वसंतात होमर इंडियानापोलिस येथील राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात गेला. तेथे त्याच्या मांडलेल्या वस्तू चोरीस गेल्या. गावात खाणकामगारांचा संप चालू होता, तरी वर्कशॉपमध्ये नव्या नॉझल घडविल्या गेल्या, बसने पाठविल्या गेल्या आणि पदक मिळाले. त्याच जूनमध्ये केप कोलवुडवरून शेवटचा ऑक उडाला. उंची सहा मैलांच्या घरात.

बाईंना मात्र तोपर्यंत हॉजकिन्स हा कर्करोग जडला होता. त्यावर तेव्हा आजच्यासारखा हमखास उपाय नव्हता. दुखणे अंगावर घेऊन त्या शिकवीत राहिल्या आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये, माणूस चंद्रावर उतरल्याला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा गेल्या. वय एकतीस. कोलवुडची खाण १९८६ साली बंद पडली, बिग क्रीक हायस्कूल २०१० साली. होमर १९८१ पासून १९९८ पर्यंत नासात होता. अंतराळवीरांना शिकविणे हे त्याच्या कामांपैकी एक, म्हणजे फिरून तोही मास्तरच!

आता तिसऱ्या रात्री झोप का आली नाही ते.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. खेड्यातून एस.टी.ने यावयाचा, मागच्या बाकावर बसावयाचा. एके दिवशी शंभर पानी वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभा राहिला. म्हणाला, "सर, आजीला जात्यावरच्या ओव्या लई येत्यात. मी लिहून घ्यायला लागलोय. तुम्ही बघता का?" मी पेपर तपासत होतो. वही उघडलीसुद्धा नाही. म्हटले, "परीक्षा जवळ आली आहे. हे सिलॅबसात नाही. सुट्टीत बघू." सुट्टीनंतर तो आला तेव्हा डोके भादरलेले होते. मी चौकशी केली, दोन शब्द सांत्वनाचे बोललो, आणि वहीचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

पुस्तक संपल्यावर चार दिवसांनी त्याचा फोन नंबर मिळविला. तालुक्याच्या दूध संघात नोकरीला आहे. मागे कॅनचा खडखडाट ऐकू येत होता. वहीचे विचारले तर क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "हाय की सर. ट्रंकेत हाय. त्र्याऐंशी ओव्या हायत, पुढच्या राहिल्या." मी म्हटले, "घेऊन ये. सगळ्या वाचावयाच्या आहेत. आणि गावात आणखी कोणाला येतात का, ते विचारून ठेव."

"धाकटी चुलतआजी हाय. पर तिला ऐकू कमी येतं," तो म्हणाला. "भाऊबीज झाली की येतो, सर. नाहीतर असं करा, तुम्हीच या. जातं अजून पडवीतच हाय."