यशाचे सोबती : इंग्रजी शब्दसंगतीविषयी थोडेसे

मराठीत यश घवघवीत असते, पराभव दारुण असतो आणि परिश्रम अपार असतात. 'दारुण यश' किंवा 'घवघवीत पराभव' असे कोणी लिहिले, तर व्याकरणाची एकही चूक नसताना ते आपल्या कानाला खटकते. हा भेद आपल्याला कोणी शिकविला नाही. ऐकता ऐकता तो अंगवळणी पडला. इंग्रजीतील शब्दांनाही अशीच ठरलेली सोबत असते. भाषाशास्त्रात तिला 'कोलोकेशन' म्हणतात. आपण शब्दसंगती म्हणू. आपल्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी अडते ते पुष्कळदा व्याकरणापाशी नव्हे, तर या संगतीपाशी अडते, असे इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर माझे मत झाले आहे. त्यातही यशासंबंधीची शब्दसंगती महत्त्वाची. कारण शाळेबाहेर पडताच प्रवेशाच्या अर्जात, शिष्यवृत्तीच्या निवेदनात आणि मुलाखतीत प्रथम तीच लागते.

मराठीत यश 'येते', 'मिळते', 'लाभते'. 'माझ्या प्रयत्नांना यश आले' या वाक्यात कर्ता यश आहे, मी नाही. तरी श्रम माझे आहेत हे ऐकणाऱ्यास कळते. हेच वाक्य विद्यार्थी जसेच्या तसे इंग्रजीत नेतो आणि 'सक्सेस केम टू मी' असे म्हणतो. वाक्य चुकीचे नाही; परंतु इंग्रजी कानाला त्यातून यश आपण होऊन चालत आले असे वाटते. पहाटे चारला उठून केलेला अभ्यास त्या वाक्यातून नाहीसा होतो. इंग्रजीत यश 'अचीव्ह' करावे लागते, ध्येय 'रीच' करावे लागते (आपले 'ध्येय गाठणे' येथे नेमके जुळते), प्रगती 'मेक' करावी लागते, अडथळा 'ओव्हरकम' करावा लागतो. 'डू प्रोग्रेस' असे कोणी म्हणत नाही. 'मेक सक्सेस' असेही म्हणत नाहीत. मात्र 'मेक अ सक्सेस ऑफ' चालते, म्हणजे हाती घेतलेला एखादा व्यवसाय वा उपक्रम यशस्वी करून दाखविणे. 'अ' आणि 'ऑफ' या दोन चिमुकल्या शब्दांनी चुकीचे बरोबर होते. यात तर्क शोधू नये.

'सक्सीड' या क्रियापदाची गंमत याहून मोठी आहे. 'आय सक्सीडेड इन पासिंग द एक्झाम' हे योग्य. 'सक्सीडेड टू पास' हे अयोग्य. 'टू पास' म्हणायचेच असेल तर 'मॅनेज्ड' घ्यावे. त्यात 'कसेबसे जमविले' अशी छटा येते. परंतु 'सक्सीड'पुढे 'टू' लावून एखादे पद वा गादी ठेवली की अर्थच पालटतो. इ. स. १६०३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मृत्यूनंतर पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. त्याबद्दल 'सक्सीडेड टू द थ्रोन' असे लिहितात. येथे श्रमाचा संबंध नाही, वारशाचा आहे. कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'मागून येणे' असा. 'सक्सेस' म्हणजे आरंभी केवळ 'जे पुढे घडले ते', मग ते बरे असो वा वाईट. म्हणूनच १६११च्या इंग्रजी बायबलात 'गुड सक्सेस' असा आज द्विरुक्त वाटणारा प्रयोग आढळतो. आपल्या 'यश' शब्दाचाही मूळ संस्कृत अर्थ कीर्ती असा आहे. शब्दांचे इतिहास असेच वळणे घेत येतात.

परीक्षेच्या बाबतीत तर देणेघेणे उलटेच आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शिक्षक ती 'घेतो'. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतो. 'आय गेव्ह द एक्झाम' हा प्रयोग आपल्याकडे सर्रास चालतो व येथे तो कळतोही. परदेशी परीक्षक मात्र तुम्हांला शिक्षक समजेल. 'पास आउट'चे तसेच. सैनिकी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांना तो शब्द शोभतो. एरवी त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो.

विशेषणांनाही आपापल्या जागा आहेत. 'रोअरिंग सक्सेस' नाटकाला वा दुकानाला मिळते, विद्यार्थ्याच्या निकालाला नव्हे. त्याच्यासाठी 'विथ फ्लाइंग कलर्स' हा प्रयोग आहे. 'कलर्स' म्हणजे येथे रंग नव्हेत, निशाणे. विजयी जहाज निशाणे फडकवीत बंदरात येई, शरण गेलेले ती उतरवी. १७५८ नंतर मराठीत रूढ झालेले 'अटकेपार झेंडे' याच कुळातले. 'हार्ड-वन' हे विशेषण मला सर्वांत प्रिय आहे. 'कष्टाने जिंकलेले' एवढा अर्थ ते एका दमात सांगते. 'ओव्हरनाइट सक्सेस' आणि 'सक्सेस स्टोरी' यांचा वृत्तपत्रांनी फार चोथा केला आहे; अर्जात ते टाळावेत.

हे सारे इंग्रजी घरात जन्मलेल्यांनाच साधते, असा समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. हॅरोल्ड पामर यांनी इंग्रजी शब्दसंगतीचा पायाभूत अहवाल १९३३ साली सिद्ध केला तो टोकियोत, जपानी विद्यार्थ्यांसाठी. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश १९४२ साली तेथेच छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डने तो स्वीकारला. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हा विचार मांडणारे जे. आर. फर्थ हेही पूर्वी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवीत होते. म्हणजे ज्यांच्या कानावर लहानपणी इंग्रजी पडले नाही, अशांना शिकविताना हे शास्त्र घडत गेले. ऑक्सफर्डचा स्वतंत्र शब्दसंगतिकोश २००२ मध्ये आला. आपल्या ग्रंथालयाने त्याच्या दोन तरी प्रती ठेवाव्यात.

तो पाहताना क्रियापदापासून आरंभ न करता नाम शोधावे. 'सक्सेस' उघडले की त्याची विशेषणे आणि क्रियापदे एकत्र सापडतात. मग 'फेल्युअर'ही पाहावे. प्रयत्न 'एंड इन फेल्युअर' होतात. परंतु परीक्षेत नापास होताना मात्र 'फेल'नंतर 'इन' लागत नाही, नुसते 'फेल द एक्झाम' पुरते.