दोन थेंब आणि लोकरीचा धागा

मॅगीवर बंदी आली आणि उठली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अन्नतपासणीच्या पडद्यामागे मात्र विषापेक्षा नमुन्याची बाटली, सीलची लाख आणि सुतळी यांचीच भांडणं जास्त.

प्रयोगशाळेत मी नवखा होतो तेव्हाची गोष्ट. तपासणीचं दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मेलिन घालतात, २५ मिलिलिटरला दोन थेंब. नियमच आहे तसा. मे महिन्यात बाटल्या घेऊन येताना नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो. आग्रा रोडची वाहनं पुणे रोडच्या वाहनांना वाट देईनात. पोचेपर्यंत एका बाटलीत दही लागलं होतं. घाईत तिच्यात थेंब घालायचे राहिले होते. आमच्या हातून काहीही न मिसळलेली ती एकमेव बाटली बाद झाली!

रंगाची परीक्षा पांढऱ्या लोकरीवर. आम्लात उकळली की कृत्रिम रंग तिला धरतो, धुतला तरी सुटत नाही. एका सरबतावरून आमच्या दोन ज्येष्ठांची पैज लागली. लोकर गुलाबी झाली, जिंकणाऱ्याने चहा मागवला. तेवढ्यात शिपायाने साध्या पाण्याची नळी दाखवली. तिच्यातली लोकरही गुलाबीच! साठा संपला म्हणून कुणीतरी घरच्या विणकामातला धागा आणला होता. चहाचे पैसे हरलेल्यानेच दिले, पैज पैज असते म्हणे.

मॅगीचा वाद शिशाच्या २.५ पीपीएम मर्यादेचा. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं आणि प्रयोगशाळांची मान्यताही कायद्यात बसत नव्हती. मोहाली, जयपूर, हैदराबादला फेरतपासणी झाली, नमुने मर्यादेत निघाले. तोवर हजारो टन नूडल्स सिमेंटच्या भट्ट्यांत जळून गेल्या होत्या. दुसरं भांडण ‘एमएसजी घातलेलं नाही’ या छापील ओळीचं. गव्हात, टोमॅटोत ग्लुटामेट मुळातच असतं आणि ते घातलेलं की उपजत, हे यंत्राला कळत नाही.

मोठ्या संस्थांचाही असाच गोंधळ. १४ जुलै २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका शाखेने अस्पार्टेम या कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थाला ‘कर्ककारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. त्याच दिवशी तज्ज्ञ समितीने शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम ठेवली. दोन्ही निकाल एकाच पत्रकात!

तुम्हालाही फी भरून पदार्थ तपासून घेता येतो, अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४०. दोष निघाला तर फी परत. फक्त घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं.