हात मोकळे, पण लक्ष?

हेल्मेट आणि कान यांच्या फटीत फोन खुपसून बोलत जाणारा दुचाकीस्वार आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे. मोटार चालवणारा तोच फोन मान वाकडी करून खांद्याशी धरतो. अशा माणसाला आपण सांगतो, 'अहो, एखादा बिनतारी हेडसेट का घेत नाही?' पण कोणता घ्यावा, आणि त्याने नेमके काय साधते?

दुकानातल्या खोक्यांवर 'एएनसी' आणि 'ईएनसी' अशी आद्याक्षरे असतात. पुष्कळ जण ती एकच समजतात. एएनसी बाहेरचा गोंगाट आपल्या कानापर्यंत येऊ देत नाही. बाहेरच्या ध्वनिलहरीच्या उलट कलेची लहर हेडसेट तयार करतो आणि दोन्ही मिळून एकमेकींना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. लहरींच्या व्यतिकरणाचाच हा उपयोग. विमानप्रवासात ही मोठी सोय. पण रस्त्यावर कान बुजवून कसे चालेल? मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आलाच पाहिजे.

गाडीत कामाची ती ईएनसी. ती आपल्या बोलण्यातला गोंगाट वगळून पलीकडच्या माणसाला स्वच्छ ऐकवते. यासाठी बहुधा दोन मायक्रोफोन असतात. तोंडाजवळच्या मायक्रोफोनवर आपला आवाज जोरात पोचतो, दूरच्यावर क्षीण. इंजिनाची घरघर मात्र दोहोंकडे जवळजवळ सारखीच. दोन्हींची तुलना करून घरघर बरीचशी वजा करता येते. म्हणून एकाच कानावर बसणारा, तोंडाकडे दांडी आलेला हेडसेट जुनाट दिसला तरी गाडीसाठी चिमुकल्या इअरबडपेक्षा सरस. वाऱ्यापुढे मात्र ही युक्ती चालत नाही. वारा प्रत्येक मायक्रोफोनवर निराळे भोवरे करतो, मग वजा करायला समान असे उरते काय? तिथे स्पंजची टोपी बरी, आणि काच वर केलेली त्याहून बरी.

आणखी एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते. ज्या हेडसेटवर गाणी सुरेख वाजतात, त्यावरच फोन आला की आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. ब्लूटूथच्या जुन्या पद्धतीत बोलण्याचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच ध्वनी टिकतो, म्हणजे फार तर ४,००० हर्ट्झ. 'स'सारख्या ऊष्म व्यंजनांची बरीच ऊर्जा त्याच्या वर असते, त्यामुळे 'सार' आणि 'फार' यांत घोटाळा होतो. नव्या 'वाइडबँड' पद्धतीत १६,००० नमुने असतात. हेडसेट, फोन आणि जाळे हे तिन्ही ती पद्धत वापरत असतील, तरच तिचा लाभ मिळतो.

ही केवळ कानाची चैन नव्हे. अस्पष्ट शब्द जुळवायला मेंदूला श्रम पडतात, आणि ते लक्ष रस्त्याच्या वाट्यातून जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते.

मूळ अडचण इथेच आहे. कॅनडातील टोरोंटो येथे रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी ६९९ वाहनचालकांच्या अपघातांच्या वेळा त्यांच्या फोनच्या बिलांशी ताडून पाहिल्या. फोन वापरताना अपघाताचा धोका सुमारे चौपट असल्याचे त्यांना १९९७ साली आढळले. हात मोकळे ठेवणारी साधने वापरणाऱ्यांचा धोका कमी असल्याचे मात्र दिसले नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठात स्ट्रेअर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्याने तेवढा बिघाड होत नव्हता. शेजाऱ्याला रस्ता दिसतो. अवघड जागी तो बोलणे आवरतो किंवा रस्त्याविषयीच बोलू लागतो. फोनवरच्या माणसाला पुढचा ट्रक कुठून दिसणार?

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या फोनचा स्पष्ट उल्लेख आला. ध्यानाची मोजणी कायद्याला अवघड. वर्गात ती थोडीफार करता येते. एका विद्यार्थ्याने लांब पट्टी उभी धरून न सांगता सोडावी, दुसऱ्याने चिमटीत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिक्रियेला ०.२ सेकंद लागला (s = ½gt² वरून). दहा वेळा मोजून सरासरी काढा. मग पकडणाऱ्याला १०० पासून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायला सांगा आणि पुन्हा दहा वेळा मोजा. दोन्ही खेपांना त्याचे हात मोकळेच असतील.