जावरचे जस्त

पितळ आणि बिदरी करणाऱ्या कारागीर बांधवांना जस्त रोजच लागते. शुद्ध जस्त असेल तरच पितळेत ते तोलून घालता येते. आम्ही कापडवाले, पण हा हुन्नर आम्हालाही थक्क करतो.

उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे डोलोमाइट खडकात शिसे व जस्ताची खनिजे आहेत. खनिजातून जस्त सुटायला हजार अंशांवर आच लागते. ते मात्र ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे उघड्या भट्टीत सारे वाफ होऊन जळणार! जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, एका भट्टीत ३६, उलट्या लावल्या. वाफ नळीतून खाली उतरून थंड होई. इंग्लंडात चॅम्पियनने याचे पेटंट १७३८ साली घेतले. जावरला काम त्याआधी काही शतके चालू होते. वापरलेल्या मुशी तिथल्या घरांच्या भिंतींत रचलेल्या आहेत.